सोंगाड्या सेन्सेई

जपानात दोन वर्षं मी इंग्रजी शिकवलं, असं मी नारायणगावात सगळ्यांना सांगतो. ते पुरतं खरं नाही. शिकवायच्या तिथल्या बाई. मी त्यांच्या डाव्या हाताला उभा असायचो आणि त्यांनी मान हलवली की 'ॲपल' म्हणायचो. अठ्ठावीस मुलं एका सुरात 'आप्पुरु' म्हणायची. बाईंची मान पुन्हा हलली की मी पुन्हा 'ॲपल'. माझ्या आधी हे काम कोण करायचं, ते मला वर्गातलं कपाट उघडल्यावर कळलं. आत टेपरेकॉर्डर होता. तो टाकून द्यायचा शाळेचा जीव होत नव्हता. वीज गेली तर मी होतो, मी आजारी पडलो तर तो होता.

या हुद्द्याला तिकडे एएलटी म्हणतात, म्हणजे सहायक भाषा शिक्षक. जपान सरकारने १९८७ साली 'जेट' नावाचा उपक्रम काढून देशोदेशीची पदवीधर पोरं आपल्या शाळांमधून उभी करायला सुरुवात केली. पुढे मध्यस्थ कंपन्याही हा व्यवसाय करू लागल्या. मी अशाच एका कंपनीतर्फे गेलो. निघण्याआधी मामांना हे सगळं समजावून सांगितलं. मास्तर ते, मी फक्त मागून सूर धरायचा. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी झीलकरी म्हन की."

मामांचा दोष नाही. गाव तमाशाचं. गुढीपाडवा जवळ आला की आमच्याकडे फडमालकांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी द्यायला येतात. विठाबाई भाऊ मांग इथल्याच. राज्य सरकारचा तमाशाचा जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो आणि त्या नावाला आमचं गाव चिकटलेलं आहे. अशा गावात वाढलेल्या मुलाला दोन गोष्टी लवकर कळतात. ढोलकी ऐकू आली की अभ्यास होत नाही, आणि अभ्यास झाला नाही की वडील म्हणतात, "जा मग, फडात भरती हो." मी फडात भरती होऊ नये म्हणून मला शिकवलं. पुण्यात जाऊन जपानी शिकलो, परीक्षा दिल्या. त्याचं फळ काय मिळालं, ते मामांनी एका शब्दात सांगून टाकलं होतं.

जपानी शाळेविषयी मला जी माहिती होती ती सगळी एका पुस्तकातली. मराठी मास्तराच्या घरात साने गुरुजींशेजारी जे एक परदेशी पुस्तक असतंच ते 'तोत्तोचान'. तेत्सुको कुरोयानागींच्या त्या शाळेत आगगाडीच्या डब्यांत वर्ग भरायचे आणि मुलांच्या जेवणात थोडं डोंगरातलं, थोडं समुद्रातलं काही असावं अशी मुख्याध्यापकांची इच्छा असायची. ती शाळा १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळून गेली, हेही त्याच पुस्तकात आहे. ते मी वाचलंही होतं, तरी विमानात बसताना मनात आगगाडीचे डबेच होते.

मिळाली ती ओकायामा प्रांतातल्या डोंगराळ गावातली तीन मजली सिमेंटची शाळा. ओकायामा हे नाव पुणेकरांना सिंहगड रस्त्यावरून ठाऊक असतं. पु. ल. देशपांडे उद्यान हे तिथल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे. मूळ बाग १७०० साली पुरी झाली. मी ती पाहायला गेलो तेव्हा मला सारखं वाटत होतं की आता कोपऱ्यावर भेळ मिळेल.

पहिला धडा बुटांचा. शाळेत शिरताना बाहेरचे बूट काढून कप्प्यात ठेवायचे आणि आतले घालायचे. व्यायामशाळेसाठी वेगळे. स्वच्छतागृहाच्या दाराशी वेगळ्या सपाता, त्या तिथेच सोडून यायच्या. देवळाबाहेर चपला काढणाऱ्या माणसाला यात अवघड काय, असं मला वाटलं होतं. अवघड हे, की आपल्याकडे चपला काढल्या की प्रश्न मिटतो. तिथे तो सुरू होतो. दुसऱ्याच आठवड्यात मी स्वच्छतागृहाच्या सपाता पायात तशाच ठेवून शिक्षकखोलीभर फिरलो. एकवीस जणांनी पाहिलं. कुणी काही बोललं नाही. फक्त उपमुख्याध्यापक उठले, माझे आतले बूट घेऊन आले आणि माझ्या खुर्चीपाशी, टोकं बाहेरच्या बाजूला करून, जोडीने ठेवून गेले. आमच्या हेडसरांनी अख्ख्या स्टाफरूमसमोर माझी बिनपाण्याची केली असती, तर मी इतका मेलो नसतो.

न बोलता सांगायची ही पद्धत पुरती कळायला मला सहा महिने लागले. हजेरीपटावर सही नाही, शिक्का मारायचा. प्रत्येकाचा स्वतःचा, बोटभर. माझा मी तीन दिवस उलटा मारत होतो. चौथ्या दिवशी शिक्क्याच्या डोक्यावर पेन्सिलने काढलेला एक नाजूक बाण होता. कुणी काढला, ते मी विचारलं नाही. विचारायचं नसतं, एवढं तोवर शिकलो होतो.

रोज सकाळी शिक्षकखोलीत बैठक. बैठक ८:१० ला म्हणजे माणसं ८:०० ला जागेवर. उपमुख्याध्यापक बोलतात आणि बाकीचे दर वाक्याच्या शेवटी 'हाइ' म्हणतात. 'हाइ' म्हणजे 'हो', असं मी पुण्यात शिकलो होतो. त्यामुळे सुरुवातीला मला वाटायचं, काय एकमताची शाळा आहे! आपल्याकडे सहलीची तारीख ठरवायला तीन बैठका आणि एक रुसवा लागतो. पुढे उमगलं की हा 'हाइ' होकाराचा नाहीच. त्याचा अर्थ इतकाच, की मी ऐकतोय, तुम्ही पुढे चला. फडातले झीलकरी 'जी जी रं जी' करतात, ते शाहिराचं म्हणणं त्यांना पटलेलं असतं म्हणून नव्हे. त्याने दम खावा आणि पुढची ओळ उचलावी म्हणून. ही उकल झाली त्या दिवशी मला जपानी कार्यालयाची भीती वाटेनाशी झाली. बैठकीत मी अगदी ठेक्यात 'हाइ' देऊ लागलो. शेजारच्या गणिताच्या सरांनी माझं जपानी सुधारल्याचं सांगितलं.

नकाराचंही तसंच. तिथे नाही म्हणायचं तर 'चोत्तो...' म्हणून वाक्य अर्धं सोडतात. चोत्तो म्हणजे 'जरासं'. बरोबर गेलेली अमेरिकन पोरं यावर फार वैतागायची. मला काही अडलं नाही. ज्याने उभ्या जन्मात 'बघू' हे उत्तर ऐकलंय त्याला अर्धं सोडलेलं वाक्य पुरं करता येतं. आणि घरातून निघताना ते 'इत्ते किमास' म्हणतात, म्हणजे शब्दशः 'जाऊन येतो', आणि घरातलं माणूस 'जाऊन या' म्हणतं. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी भाड्याच्या खोलीत एकटाच राहत होतो. रोज सकाळी रिकाम्या खोलीला मोठ्याने 'येतो गं' म्हणून निघायला लागलो. भाषा शिकायची म्हणून.

मुलांना मी कुठला ते सांगणं हे एक प्रकरणच होतं. 'नारायणगाव' त्यांच्या लिपीत बसेना. 'नारायानगाओन' असं काहीतरी फळ्यावर उमटलं आणि त्यातला 'नारा' एवढाच भाग मुलांच्या ओळखीचा निघाला. नारा हे त्यांच्याकडचं जुनं राजधानीचं शहर, रस्त्यात हरणं फिरतात. एका मुलीने विचारलं, तुमच्या नारातही हरणं आहेत का. मी म्हटलं, आमच्याकडे उसात बिबटे आहेत, शेजारी माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्रही आहे. वर्ग चिडीचूप झाला. त्या आठवड्यात शाळेच्या मागे रानडुक्कर दिसल्याची सूचना लागली होती आणि मुलांना शिक्षकांसोबत गटाने घरी पाठवत होते. माझा गट सगळ्यात मोठा झाला. मी आजवर बिबट्या फक्त पिंजऱ्यात पाहिलाय, हे मी सांगितलं नाही.

दुसरा प्रश्न गणिताचा. भारतीय माणसाला एकोणीस गुणिले एकोणीसपर्यंत सगळं पाठ असतं, अशी जपानात ठाम समजूत आहे. त्यावर तिकडे पुस्तकांची लाट येऊन गेली. मला तिसापर्यंत पाढे येतात, पण आपला पाढा दाहेवर थांबतो, ही बारीक गोष्ट त्यांना कुणी सांगितलेली नव्हती. सतरा गुणिले सोळा, असं एका पोराने फेकलं. मी डोळे मिटून पुटपुटलो, सतरा दाहे एकशे सत्तर, सतरा सक एकशे दोन, आणि म्हणालो, दोनशे बाहत्तर. टाळ्या पडल्या. इंग्रजीच्या बाईंनी नंतर हळूच विचारलं, तो मंत्र कुठला होता.

जेवणाचं फार सांगत नाही. मुलंच पांढरे झगे आणि टोप्या घालून वाढतात, सगळे एकच जेवण जेवतात, मुख्याध्यापक अर्धा तास आधी जेवून ते ठीक असल्याची खात्री करतात, आणि दुधाचा खोका रोज असतो, माशाबरोबरसुद्धा. मी माळकऱ्याच्या घरातला. 'तोत्तोचान'मधलं ते समुद्रातलं काहीतरी इथे प्रत्येक वाडग्यात होतं. भाजीत सुक्या माशाचा रस, सुपात तोच. दूध, भात आणि संत्र्याच्या फोडी यांवर दोन वर्षं काढली. घरी म्हणायचो, मस्त जेवतो.

जेवणानंतर सफाई. शिपाई नाही असं नाही, पण वर्ग, जिने, स्वच्छतागृह मुलंच साफ करतात आणि शिक्षकही त्यांच्यात असतात. लांब बोळात ओली फडकी दोन्ही हातांखाली धरून मुलं वाकून धावत सुटतात. बोळाच्या टोकाला पोचेस्तोवर फरशी लख्ख. मीही धावलो. तिसऱ्या फेरीत कंबर धरली. रात्री फोनवर आईला हे कौतुकाने सांगितलं. पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाली, "इथं जेवल्यावर ताट उचललं नाहीस कधी. एवढा खर्च करून फरशा पुसायला गेलास?" ती पुढे म्हणाली, पेपरात आलंय, आपल्याकडचे कुणी पुराणिक तिकडे मुख्याध्यापक झालेत. खरंच होतं ते. योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये तोक्योच्या एदोगावा प्रभागाच्या सभागृहात निवडून आले आणि २०२३ मध्ये इबाराकी प्रांतातल्या सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. आईचा प्रश्न सरळ होता. "तुझं कवा?" मी म्हटलं, बघू.

नाताळाच्या सुट्टीत गावी येऊन गेलो. परतताना आईने बेसनाचे लाडू दिले. आपल्या रिवाजाने डबा शिक्षकखोलीच्या मधोमध ठेवला आणि घ्या हो म्हणून तासाला गेलो. संध्याकाळी डबा तसाच. दुसऱ्या दिवशीही तसाच. मनात म्हटलं, काय माणसं आहेत! तिथली पद्धत मला माहीत नव्हती. गावाहून आणलेला खाऊ प्रत्येकाच्या मेजावर, वेगळा बांधून, आपण नेऊन ठेवायचा. उघड्या डब्यात हात घालणारा पहिला कोण होणार? तिसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर एकवीस मेजांवर एकवीस लाडू, प्रत्येक पांढऱ्या कागदात, वर माझं नाव. उपमुख्याध्यापक आपल्या जागेवर काहीच न झाल्यासारखे बसलेले. सगळ्यांनी खाल्ले आणि चव 'ओमोशिरोई' आहे म्हणाले. ओमोशिरोई म्हणजे मजेदार. म्हणजे फार गोड. तेवढं आता मला कळत होतं.

हे उपमुख्याध्यापक शाळेत सगळ्यांच्या आधी यायचे आणि कुलूप लावून जायचे. मला घरी जायची वेळ सव्वाचार. पण सव्वाचारला कुणी उठतच नसे. उठायचं तर 'ओसाकी नी शित्सुरेई शिमास' म्हणायचं. तुमच्याआधी जाण्याचा आगाऊपणा करतो, माफी असावी. रोज एकवीस माणसांची माफी मागून घरी जाणारा मी एकटा. ते मात्र दर वेळी मान वर करून 'ओत्सुकारेसामा' म्हणायचे, म्हणजे दमलात हो. दिवसभर 'ॲपल' म्हणून दमलेल्या माणसाला हे फार लागतं. इतक्या महिन्यांत आमचं बोलणं एवढंच.

बोलणं झालं ते द्राक्षांमुळे. जूनच्या एका रविवारी सायकलवरून जाताना ते एका मांडवाखाली दिसले. वडिलांची बाग होती. हातात प्याला, त्यात गुलाबी पाणी, आणि एकेक कोवळा घड त्यात बुडवत चाललेले. मी सायकल टाकून धावलो. "जीए!" ते म्हणाले, "जिबे!" दोघंही एकाच औषधाचं नाव घेत होतो. जुन्नर तालुक्यात ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत शिरलात तर दुसरा शब्द कानावर पडत नाही. जीएचं डिपिंग झालं का, किती पीपीएम, दुसरं कधी. मामा त्यावर व्याख्यान देतात. पण हे औषध सापडलं कसं, ते मला त्या मांडवाखाली कळलं. जपानात भाताच्या खाचरात काही रोपं भोवतालच्यांपेक्षा उंच वाढायची, पिवळी पडायची आणि दाणा न भरताच मरायची. शेतकरी त्याला 'बाकानाए' म्हणायचे, खुळं रोप. एइइची कुरोसावा यांनी १९२६ मध्ये दाखवलं की एका बुरशीच्या स्रावामुळे हे होतं. तेइजिरो याबुता यांनी १९३५ मध्ये त्या द्रव्याला जिबरेलिन नाव दिलं. ज्याने भात वाया जायचा त्यानेच आता द्राक्षाचा मणी फुगतो.

"खुळं रोप," ते पुन्हा म्हणाले आणि माझ्याकडे पाहून हसले. मी शाळेत सगळ्यांहून वीतभर उंच होतो, आणि दाणा भरायचा अजून पत्ता नव्हता.

त्या दिवशी दोन तास मी घड बुडवले. घडांना कागद कधी लावायचा यावर आमचा वाद झाला. तेही कागदच लावतात, फक्त त्यांचा पांढरा कोरा असतो आणि आमच्याकडे घडांवर जुनी वर्तमानपत्रं असतात. द्राक्षं बातम्या वाचतात, असं मी म्हणालो. ते इतके हसले की प्याला सांडला. मग त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, वर्गात असं का बोलत नाहीस?

मी म्हटलं, माझं जपानी चुकतं. ते म्हणाले, तेच तर.

तमाशात गण होतो, गवळण होते, बतावणी होते आणि मग वग लागतो. लोक वगासाठी येतात असं म्हणतात, पण मधे सोंगाड्या आला नाही तर वगापर्यंत कुणी जागं राहत नाही. त्याचं काम सोपं दिसतं. चुकायचं. सरदाराने एक म्हणावं, याने भलतंच ऐकावं. हजार माणसांसमोर एक माणूस इतक्या खुशीने चुकतो, की बाकीच्यांना आपल्या चुकांची लाज राहत नाही. आमच्या वर्गातली मुलं बोलत नव्हती ती इंग्रजी येत नव्हतं म्हणून नव्हे. उत्तर शंभर टक्के बरोबर असल्याशिवाय हात वर करायचा नाही, असं प्रत्येकाने ठरवून टाकलं होतं. मग शंभर टक्के कुणाचंच भरत नव्हतं.

पुढच्या तासाला मी बाईंना विचारून फळ्यावर जपानीत वाक्य लिहिलं. 'माझा आवडता प्राणी' असं लिहायचं होतं, लिहिलं गेलं 'माझा आवडता कैदी'. शब्दच चुकला होता, आणि तो मुद्दाम नव्हता. पहिल्या बाकावरून खुसखुस झाली. मी गंभीरपणे म्हणालो, का, नसावा का? आणि कधीही न हसणाऱ्या आमच्या बाई, खडू खाली न ठेवता, सरळ चेहऱ्याने इंग्रजीत म्हणाल्या, "व्हॉट्स हिज नेम?" सरदार मिळाला होता! मुलं त्या कैद्याला नाव देऊ लागली, गाव देऊ लागली, त्याने काय चोरलं ते सांगू लागली. इंग्रजी मोडकंतोडकं, पण सगळं त्यांचं. एकाने सांगितलं, त्याने 'आप्पुरु' चोरला. त्या दिवशी मी दुरुस्त केलं नाही.

करार संपेपर्यंत बाई आणि मी दर मंगळवारी बतावणी करत होतो. त्यांना ते नाव माहीत नव्हतं. मामांनाही मी कळवलं, झीलकरीतून बढती झाली.

मार्चमध्ये तिकडे बदल्यांची यादी लागते. आपल्या जिल्हा परिषदेच्या यादीइतकीच धडधड, फक्त मोठ्याने कुणी बोलत नाही. त्याच महिन्यात माझा करार संपला. आता मी गावातच एका शाळेत इंग्रजी शिकवतो, पुरता, मान हलवणारं कुणी शेजारी नसताना. पहिल्या दिवशी सवयीने शिक्षकखोलीच्या दारात बूट काढले तर एका सरांनी आत डोकावून विचारलं, "आज सत्यनारायण आहे का?" माझा शिक्का टेबलाच्या खणात आहे. पेन्सिलचा बाण पुसट झालाय, पण दिसतो.

आमचे उपमुख्याध्यापक निवृत्त झालेत आणि या डिसेंबरात मामांची बाग पाहायला येणार आहेत. पुण्याहून एसटीने येतो म्हणालेत. मामांनी त्यांच्यासाठी जीएचं दुसरं डिपिंग राखून ठेवलंय आणि आई लाडू एकेक करून कागदात बांधणार आहे. तेव्हा नारायणगावच्या स्टँडवर कुणी वयस्क जपानी गृहस्थ ठरल्या वेळेच्या आधीच येऊन ताठ उभे असलेले दिसले, तर कृपा करून त्यांना चहा पाजा आणि सांगा, मी येतोच आहे.